मागच्या डाव्या दाराचा आवाज

मिस्त्री : ताई, तुम्ही आधी बसा बघू. कधीच्या येरझाऱ्या घालताय! गाडीचा आवाज कमी करतोय मी, आणि तुमच्या चपलांची फटफट वाढत चाललीय.

मुलगी : बसायला वेळ कुठाय? किती राहिलंय तेवढं सांगा. आम्हाला दुपारी निघायचंय.

मिस्त्री : खालचा पत्रा झाला. चारी चाकांवरचा झाला. डिकी झाली, तीन दरवाजे झाले. हा चौथा, मागचा डावा, उघडा पडलाय तुमच्यासमोर. बघा, बोटाने वाजवतो हां. ठण्ण! ऐकलंत? रिकामा डबा वाजावा तसा. आणि हा चिकटवलेला भाग. ठप. गेला की नाही मुकाट?

मुलगी : गेला. आता उरलेलं चिकटवा की पटापट.

मिस्त्री : पटापट कसं? ही डांबरी शीट आधी शेकायची, मग रोलरने दाबत दाबत बसवायची. घाई केली की आत हवा राहते. उन्हात सुटली की तुम्हीच याल भांडायला. पत्रा थरथरतो म्हणून ओरडतो, ताई. पाठीवर वजन दिलं, वरून फोम लावला, की गप्प बसतो. माझी बायको म्हणते, जगाच्या गाड्या गप्प करतोस, स्वतः कधी होणार?

मुलगी : बरोबर विचारतात.

मिस्त्री : हसलात! बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदा. झोप झालेली दिसत नाही तुमची.

मुलगी : रात्रपाळी करून तशीच आलेय. बिस्किटांच्या कारखान्यात आहे मी, पॅकिंगला. झोपेन की उद्या.

मिस्त्री : आज गाडी चालवायची आणि झोपायचं उद्या?

मुलगी : सवय आहे. माझ्या तोंडाकडे बघू नका, दाराकडे बघा. बाबा! पाणी हवंय का? बाबा, तुम्हाला विचारतेय. हवंय की नकोय? बघितलंत? नुसती मान. धड हो पण नाही, धड नाही पण नाही.

मिस्त्री : बसलेत निवांत बाकड्यावर. बसू द्या. घशाला पट्टी दिसतेय त्यांच्या.

मुलगी : ऑपरेशन झालंय. आवाज गेला. म्हणजे पार नाही गेला, कुजबुजल्यासारखा येतो. खोलीत पंखा बंद केला, जवळ कान नेला, की कळतं. पण गाडीत? काही म्हणजे काही ऐकू येत नाही. आणि आमचं बोलणं व्हायचं ते गाडीतच. दर आठवड्याला मोठ्या इस्पितळात न्यायचं, औषध चढवायचं, घेऊन यायचं. जाऊन-येऊन अख्खा दिवस. ते राहतात दादाकडे, मी वेगळी. दादाच्या घरी वहिनी, पोरं, टीव्ही. तिथे कोण कुणाचं ऐकतंय?

मिस्त्री : मग गाडीत बोलायचे?

मुलगी : सुरुवातीला बोलायचे की. मी म्हणायची, काय? ते परत सांगायचे. मी परत, काय? तिसऱ्यांदा हात झटकायचे. जाऊ दे. आता तर महिना झाला, गाडीत एक शब्द नाही. मागे बसून असतात नुसते.

मिस्त्री : म्हणून हा सगळा खटाटोप.

मुलगी : म्हणूनच. मला काही गाडीचं विमान करायचं नाहीये. मला माझ्या बापाचं बोलणं ऐकायचंय, बास. तुम्ही तेवढं करून द्या.

मिस्त्री : टायरचा आवाज मी अडवीन, ताई. वाऱ्याचाही अडवीन. पण माणूसच बोलायचं नाही म्हणाला तर त्याला माझ्याकडे शीट नाही.

मुलगी : माहितेय मला. रागावलेत ते माझ्यावर.

मिस्त्री : कशावरून?

मुलगी : ऑपरेशन नको म्हणत होते. मीच हटून बसले. दादा म्हणाला, तू काय ते ठरव. मी ठरवलं, सही पण मीच केली. कंडक्टर होते हो ते. सगळी नोकरी ‘पुढे सरका, पुढे सरका’ ओरडण्यात गेली. शेवटच्या सीटवरच्या बहिऱ्या म्हातारीलाही तिचा थांबा कळायचा, असा आवाज होता. तो माणूस आता पाणी मागायला टाळी वाजवतो. माझ्यामुळे.

मिस्त्री : जीव वाचला की त्यांचा.

मुलगी : ते त्यांना विचारा. उत्तर दिलं तर मलाही सांगा. आणि तो टक आवाज? तो गेला का?

मिस्त्री : त्याच्याच तर मागे आहे मी सकाळपासून! या दाराच्या सगळ्या क्लिपा बदलल्या. कुलपाच्या सळईला कापड गुंडाळलं. काचेची पट्टी घट्ट केली. पण दार हलवून बघावं तर आवाज येतच नाही. परत एकदा नीट सांगा, कसा येतो?

मुलगी : टक. एकदाच. लोखंडावर काहीतरी आपटल्यासारखा. मग बराच वेळ काही नाही. मग परत, टक.

मिस्त्री : खड्ड्यात?

मुलगी : नाही हो. चांगल्या गुळगुळीत रस्त्यावर. आणि जाताना फारसा नाहीच. येताना.

मिस्त्री : येताना? गाडीला काय कळतं तुम्ही जाताय की येताय ते?

मुलगी : मला काय विचारता? तुम्ही मिस्त्री ना! डोकं उठतं माझं त्या आवाजाने. दचकायला होतं. आला की मी रेडिओ मोठा करते. तर अजून जोरात येतो. जणू माझ्याशी वैर आहे त्याचं.

मिस्त्री : ढिली वस्तू एकदा वाजून थांबत नाही, ताई. ती वाजली की वाजतच राहते. हा कुठला शहाणा आलाय? थांबा. ही आतली कडी बघा, धरायची. लोखंडी आहे, वरून चकचकीत. हिच्यावर ओरखडे कसले हे?

मुलगी : कुठे?

मिस्त्री : हे काय, सगळे एकाच जागी. काहीतरी येऊन आपटतंय इथे. बेल्ट लावतात का बाबा?

मुलगी : नाही ना. पट्टा नेमका घशाला घासतो. पुढे बसवलं तर पट्टा लावा म्हणून गाडी सारखी कटकट करायची, म्हणून तर मागे बसवते.

मिस्त्री : मग झालं! सापडला चोर! बेल्ट लावत नाहीत, म्हणजे त्याचं बक्कल लोंबतं. गाडीने वेग घेतला की झोका खातं आणि बसतं या कडीवर. टक!

मुलगी : नक्की?

मिस्त्री : नक्की म्हणजे? माझा डावा कान कामातून गेलाय, ग्राइंडरची कृपा. पण उजवा असा तिखट आहे की दोन्हींचं काम एकटा करतो. या कडीला चांगलं जाड फेल्टचं कापड गुंडाळतो. दोन वेढे. आपटू दे मग काय आपटायचं ते.

मुलगी : गुंडाळा, गुंडाळा. तीन वेढे द्या. बाबा, तुम्ही कशाला उठलात? बसा ना. काय? काय नको? अहो, जरा ते मशीन बंद करायला सांगा त्या पलीकडच्या माणसाला, ऐकू येत नाहीये. बाबा, काय नको? हे? हे गुंडाळायला नको? बाबा, ते दुरुस्त करतायत. त्यांना कळतं त्यातलं. तुम्ही बसा बघू. दमाल उगाच. नुसते हातवारे... बसले एकदाचे.

मिस्त्री : काय म्हणत होते?

मुलगी : काय माहीत. मला वाटतं त्यांना हा सगळा खर्चच पटलेला नाही. जुन्या माणसांचं असंच.

मिस्त्री : हं, झालं. दाराचं आतलं पॅनल बसवलं. आता खरी परीक्षा. आपण बाहेरच्या सरळ रस्त्यावर एक फेरी मारू. तुम्ही चालवा, रोज चालवता तशीच. बाबा त्यांच्या जागेवर मागे. मी पुढे तुमच्या बाजूला. रेडिओ बंद.

मुलगी : तुम्हीच चालवून बघा की.

मिस्त्री : मी चालवली तर ऐकणार कोण? चला. उठा बाबा, काठी घ्या. सावकाश.

(गाडी गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर. तिघे आपापल्या जागी.)

मिस्त्री : आहाहा. ऐकलंत?

मुलगी : काय?

मिस्त्री : काहीच नाही! तेच तर म्हणतोय. चाकं रस्त्यावर आहेत की गादीवर?

मुलगी : खरंच की. माझाच श्वास ऐकू येतोय मला. बाबा! बघितलंत? बोला ना आता काहीतरी. काहीही बोला. बाबा?

बाबा : पुढे बघ.

मुलगी : ऐकू आलं! मिस्त्री, ऐकलंत तुम्ही? मला इथे ऐकू आलं! बाबा, परत बोला!

मिस्त्री : पुढे बघ, म्हणाले ते.

मुलगी : हो हो, बघतेय पुढे. देवा रे. महिन्याने गाडीत ऐकला आवाज. मिस्त्री, तुमचे हात सोन्याचे आहेत.

मिस्त्री : हातांचं कौतुक नंतर. आता कुणीही बोलायचं नाही. मी मान खाली घालतो, डोळे मिटतो आणि उजवा कान मागच्या दाराकडे करतो. टक आला तर इथेच पकडतो त्याला. वेग असाच ठेवा, कमी-जास्त नको.

मुलगी : हं.

मिस्त्री : नाही. काही नाही.

मुलगी : हं.

मिस्त्री : अजून काही नाही. घड्याळाची टिकटिक ऐकू येतेय, पण टक नाही. फेल्टने काम केलं म्हणायचं. ताई, गेला बघा तुमचा वैरी. ताई, मी म्हटलं, गेला. बाबा, मागे काय चाललंय तुमचं? उशी बडवताय का? बारीक धप धप ऐकू येतंय मला. आई गं! बाबा! काठी काय मारताय मला? काय... ताई! ताई! डोळे उघडा! गाडी! डावीकडे घ्या, डावीकडे! सोडा, मी वळवतो! ब्रेक दाबा!

मुलगी : काय झालं? काय... कोण...

मिस्त्री : दाबून ठेवा. दाबून. येऊ द्या बाजूला. हं. हँडब्रेक ओढा. चावी द्या इकडे.

मुलगी : मी झोपले नव्हते.

मिस्त्री : चावी द्या म्हणतो ना!

मुलगी : घ्या. नव्हते हो झोपले मी. डोळा लागला असेल पळभर.

मिस्त्री : समोरून टँकर येत होता, ताई. पळभर पुरे होता.

बाबा : नेहमी लागतो.

मुलगी : काय? काय म्हणालात?

बाबा : मागे वळू नको.

मुलगी : गाडी थांबलीये बाबा. आता तरी वळू द्या मला.

बाबा : नेहमी लागतो तुझा डोळा. येताना. ते वळण संपतं, रस्ता सरळ होतो. तिथे तुझी मान जाते. मला आरशात दिसतं.

मुलगी : मग सांगायचं नाही का मला!

बाबा : सांगायचो. घरी गोंगाटात जमायचं नाही, आणि गाडीत सांगितलं की तू वळायचीस. काय बाबा, काय बाबा करत. रस्ता सोडून माझ्या तोंडाकडे बघायचीस. एकदा तर चाक खाली उतरलं होतं.

मिस्त्री : म्हणजे हे बोलले की तुम्ही मागे बघणार...

बाबा : घसा हा असा. त्यात जीव कंठाशी.

मुलगी : म्हणून बोलणं टाकलंत?

बाबा : म्हणून.

मुलगी : सहीवरून नाही? ऑपरेशनच्या?

बाबा : कसली सही?

मुलगी : मी केलेली! तुमचा आवाज घालवला मी. महिनाभर मला वाटतंय तुम्ही रागावलात. मी रात्री कामावर डबे भरताना पण तेच घोकत असते. आज बोलतील, आज बोलतील.

बाबा : वेडी. सही केलीस म्हणून बसलोय इथे.

मिस्त्री : एक मिनिट. मला एक कळू द्या. बाबा, तुम्ही आता मागे धप धप करत होतात. ते काय होतं?

बाबा : बेल.

मिस्त्री : कसली बेल?

बाबा : ही अंगठी. कडीवर. ड्रायव्हरला हाक मारली की तो मागे बघतो. बेल दिली की बघत नाही, थांबतो. एक दिली की...

मुलगी : थांब.

बाबा : हं.

मुलगी : आणि दोन दिल्या की चल. माहितेय मला. बाबा, मला माहितेय ते! तुमच्या बसमध्येच तर वाढले मी. शाळेत जाताना, येताना, ड्रायव्हरच्या मागची सीट माझी. तुम्ही नाण्याने दांडीवर वाजवायचात. कंडक्टरची पोर मी, आणि मला बेल कळली नाही. क्लिप ढिली झालीय म्हणून गाडी इथे आणून टाकली. तुम्ही जीव तोडून थांब थांब करताय आणि मी रेडिओ मोठा करतेय!

बाबा : रेडिओने जागी व्हायचीस. तेवढं तरी व्हायचं.

मिस्त्री : आणि मी! मी दीडशहाणा! बक्कल म्हणे. सापडला चोर म्हणे. एकच घंटी होती गाडीत, तिच्या तोंडात बोळा कोंबला मी.

बाबा : हात केला होता मी. नको म्हणून.

मिस्त्री : केला होता हो. आम्ही म्हटलं, बसा. काठी जोरात मारलीत ते बरं केलंत. अजून एक मारा हवं तर, या खांद्यावर.

मुलगी : किती वेळा, बाबा? येताना किती वेळा वाजवायचात?

बाबा : वाजवायचो. त्याचं काय आता.

मुलगी : म्हणजे औषध चढवून यायचात, मान धरवत नसायची तुम्हाला. आणि मागे झोपायचं सोडून आरशात माझ्यावर पहारा द्यायचात.

बाबा : दुसरं काम काय मला?

मिस्त्री : रडा ताई, रडा. लाजू नका. मी बाहेर उभा राहू का?

मुलगी : नको. बसा. मी दमलेय बाबा. खूप दमलेय. कुणाला सांगितलं नाही मी. माझ्या घरी पडले तरी झोप लागत नाही. वाटतं, आपण झोपलो आणि तिकडे दादाकडे तुम्हाला काही झालं तर? तुम्हाला तर हाक पण मारता येणार नाही. मग सारखा फोन बघायचा, सारखं उठून बसायचं. फक्त इथे, गाडीत, तुम्ही मागे असलात की डोळे मिटतात आपोआप. बसमध्ये मिटायचे तसे. तुम्ही आहात ना मागे, मग आपल्याला काय, असं होऊन जातं.

बाबा : मग झोप.

मुलगी : आत्ता? इस्पितळात जायचंय ना. वेळ दिलीये त्यांनी.

बाबा : झोप म्हणतो ना. मी आहे.

मुलगी : पण त्यांना कळवायला...

मिस्त्री : मी कळवतो. नंबर द्या. तुम्ही मागे या, आडव्या व्हा. बाबा, तुम्ही पुढे या माझ्या जागेवर. आणि त्या कडीचं फेल्ट मला आधी सोडवू द्या. हे बघा, निघालं. बेल मोकळी. वाजवून बघा.

मुलगी : नका वाजवू. माझ्या काळजाचं पाणी होईल आता त्या आवाजाने.

मिस्त्री : राहिलं. हे फेल्ट मऊ आहे, वाया नाही घालवत मी. पुढच्या बेल्टला गुंडाळतो, घशाला लागतो तिथे. मान वर करा बाबा. असं. आता ओढून बघा. घासतंय?

बाबा : नाही.

मिस्त्री : अरे, हे आधीच कुणी केलं असतं तर तुम्ही पहिल्यापासून पुढे बसला असतात. डुलकी आली की द्यायची एक चापट मांडीवर. ना बेल, ना रेडिओ. आणि मी एवढी गाडी सोलून काढली!

मुलगी : वाया नाही गेलं ते. ऐकू येतंय मला. तुम्ही दोघं बोलत राहा, मला बरं वाटतंय. फक्त मला थोड्या वेळाने उठवा. बाबा, नक्की उठवा हं. दादाला कळवायचं राहिलं... तुम्ही गोळी घेतलीत का दुपारची...

बाबा : घेतली.

मुलगी : पाणी पुढच्या कप्प्यात आहे...

बाबा : दिसलं.

मिस्त्री : हॅलो? हां, नमस्कार. आज दुपारी एक पेशंट यायचे होते, घशाचं ऑपरेशन झालेले. हो, तेच, कंडक्टर. मी त्यांचा... मी त्यांच्या गाडीचा मिस्त्री बोलतोय. नाही नाही, गाडी उत्तम आहे. उशीर होईल यायला. किती? थांबा, विचारतो. बाबा, किती सांगू?

बाबा : हळू बोला.

मिस्त्री : हॅलो, ते सांगता येत नाही हो. आलो की आलो. बरं. बरं, शेवटी घ्या त्यांना. ठेवतो. झोपल्या?

बाबा : झोपली.

मिस्त्री : लहान पोरासारखं तोंड उघडं टाकून. बाबा, तोवर गाडी वर्कशॉपवर नेऊ का सावकाश? चावी माझ्याकडेच आहे. इस्पितळातही मीच नेतो आज तुम्हाला, काळजी नको. तुम्ही दोन बेल द्या, निघतो.

बाबा : नको.

मिस्त्री : उन्हात उभी आहे गाडी. उशीरही होतोय.

बाबा : सगळी नोकरी गाडी वेळेवर सोडली मी. आज होऊ दे उशीर.